पाकळीचा तंग

आमचं मालक, लालासाहेब, घोडा दिसला की मानसं इसरत्यात. लग्नाला अडतीस वर्सं झाली, माझ्या चोळीचं माप त्यांना ठाव न्हाई, पन माण तालुक्यातल्या एकूनएक घोड्याच्या छातीचं माप तोंडपाठ. आता असल्या मानसाला करायचं काय?

पलटनीत घोड्यांचं खोगीर शिवायचं काम हुतं त्यांचं. पेन्शनीवर आले आन् दहिवडीच्या रस्त्याला पत्र्याची शेड टाकली. मेंढरांमागं घोडी नेनारे धनगर, वरातीचे घोडेवाले, समदे तंगासाठी त्यांच्याकडंच येत्यात. तंग म्हंजे घोड्याच्या छातीखालनं खोगीर आवळायचा पट्टा. दुसरे नजरेनं माप घेत्यात, मालक सुतळीनं. पुढच्या पायामागं चार बोटं सोडून सुतळी फिरवायची, घोडं लबाडीनं पोट फुगवतं म्हनून चार पावलं चालवून पुन्हा फिरवायची, मग गाठ मारायची. हर घोड्याची सुतळी शेडमधी खिळ्याला टांगलेली. घोडं मेलं की त्याची सुतळी त्याच्यासंगं पुरायची, ही त्यांची रीत.

एकच सुतळी काळी, पलटनीतनं आनलेली. ती कुठल्या घोड्याची, हे त्यांनी कवा सांगितलं न्हाई. झाडताना माझा हात लागला तरी खेकसायचे.

यंदा चैतात वीरधवल पाटील त्यांची घोडी घेऊन आले. पाकळी तिचं नाव, देवाची घोडी. जत्रंला ती रिकामं खोगीर घेऊन डोंगर चढती, त्यावर देव बसलाय असं धरायचं. उतरताना पाटलांच्या घरातली लगीन ठरलेली पोरगी त्याच खोगिरावर बसून खाली येती. यंदा त्यांची संयोगिता बसनार हुती. पन घोडी दोन महिनं तापानं आजारी, नुसत्या बरगड्या राहिलेल्या. मालकांनी सुतळी लावली, तर जुन्या गाठीपरीस वीतभर कमी.

"पाटील, तंग नवा लागंल," मालक म्हनले. "डोंगराची वाट हाय. ढिल्या तंगावर खोगीर फिरलं तर पोरगी दगडावर जाईल."

"आवं, देवाचा तंग हाय त्यो. माझ्या पणज्यापासनं कुनी बदलला न्हाई. फार तर एक भोक वाढवा."

मालकांचं तोंड पांढरं पडलं. "भोक मी पाडनार न्हाई," म्हनले, आन् आत निघून गेले. पाटलांना राग आला, तंग खांद्यावर टाकून ते गेले. घोडीच्यात माघारी चालायचं बळ नव्हतं, म्हनून ती तेवढी आठ दिस आमच्या दारात राहिली.

दुसऱ्या दिशी भर दुपारी मी धुनं वाळत घालत हुते. पाकळी खुंट्याला, पाठ उघडी. एकाएकी तिनं चारी पाय रोवले, मान डावीकडं वळवली, आन् तिची पाठ खाली दबली. कोनतरी डाव्या अंगानं चढून बसल्यागत. बराच वेळ तशीच उभी हुती बया. माशी बसली असंल, म्हनून मी मनाची समजूत घातली. पन माशीनं घोड्याची पाठ दबत न्हाई, एवढं मलाबी कळतं.

शेडमधी गेले तर काळी सुतळी खाली पडलेली. उचलून टांगली. सांजच्याला पुन्हा खाली. तिसऱ्या दिशी ती पाकळीच्या गव्हाणीत सापडली.

"वारा असंल," मालक म्हनले, माझ्याकडं न बघता. वारा दार उघडून गव्हाणीपातुर सुतळी नेतो व्हय? खरं सांगते, मला लय भ्या वाटाय लागलं. मालक मात्र खाली मान घालून नवा तंग शिवत बसले. कुनी मागितलेला नसताना.

जत्रंच्या सकाळी नवा तंग पिशवीत घालून डोंगराच्या पायथ्याला आमी गेलो. हलगी वाजत हुती. पाटलांनी पाकळीवर खोगीर चढवून जुना तंग जुन्याच भोकात घातलेला. खरं तर त्यो लोंबायला पायजे. पन त्यो असा आवळलेला की कातड्यात रुतला हुता.

"बघा, देवानं घोडी भरली," पाटलांनी हात जोडले. लोकांनी गुलाल उधळला.

मालक गर्दीतनं पुढं झाले. तंगाखाली बोट घालून बघितलं, शिरंना. मग त्यांनी खिशातनं काळी सुतळी काढली आन् तंगाशेजारनं फिरवली. टोक बरोबर गाठीशी आलं. म्हंजे घोडी भरली नव्हती, छाती हुती तेवढीच रोड, तरी वीतभर लांब तंग बोट शिरू देईना. तवा माझी नजर रिकिबींवर गेली. हलगीनं घोडी बिचकत हुती, अंग हलवत हुती, पन दोन्ही रिकिबी ताठ. आत पाय असल्यागत.

मालकांनी डावी रिकीब धरली.

"जयराज, उतर गड्या," म्हनले. "सांगतो समद्यांना."

हलगी थांबली.

"पाटणचा जयराज माझ्या पलटनीत हुता," मालक बोलले. "त्याचं घोडं असंच दुखण्यानं रोडावलेलं, ही सुतळी त्याचीच. नवा तंग शिवायचा मला कंटाळा आला. जुन्यालाच एका अंगाला भोक पाडून दिलं. चढावर खोगीर फिरलं, त्यो टापांखाली गेला. साहेबानं चौकशी केली तवा मी म्हनलो, पिऊन बसला हुता. त्यो प्यायला नव्हता. भोक मी पाडलं हुतं."

आदी रिकिबी हलल्या. मग आमच्या डोळ्यांदेखत तंग ढिला पडला, पोटाखाली लोंबला, आन् खोगीर गर्रकन फिरून एका अंगाला लटकलं. संयोगिता बापाशेजारी उभी हुती. तिनं पाटलांचा हात घट्ट धरला.

"लालासाहेब," पाटील हळूच म्हनले, "तुमचा तंग आना."

नव्या तंगावर पोरगी डोंगर उतरून सुखरूप खाली आली.

मी दोन दिस मालकांशी बोलले न्हाई. भुताचं भ्या तवाच गेलं हुतं, राग राहिला हुता. मेलेल्या पोराच्या तोंडाला दारूचा वास लावला, आन् अडतीस वर्सं माझ्या हातचं गपगुमान जेवले. तिसऱ्या दिशी पिशवी भरली आन् म्हनलं, "उठा, पाटणला जायचं."

जयराजची धाकटी बहीण लीलाबाई आता पिकल्या केसांची झालीया. मालकांनी काळी सुतळी तिच्या पुढ्यात ठेवली आन् समदं सांगितलं. मला वाटलं, ही आता शिव्या घालनार. घालाव्यात, असंच वाटत हुतं मला.

"म्हंजे दादा प्यायला नव्हता?" तिनं इचारलं.

"न्हाई."

"आई मरस्तवर हेच सांगत हुती. बानं दादाचा फोटो कवा भितीला लावू दिला न्हाई."

ती उठली. ट्रंकेच्या तळातनं वर्दीतला फोटो काढला, पदरानं पुसला. मग आतनं हातोडा आन् खिळा आनून मालकांच्या हातात दिला.

"तुमीच ठोका," म्हनली.

मालकांचे पयले दोन घाव हुकले. तिसऱ्या घावाला खिळा भिंतीत गेला.