दोन बोटं

आमचा दलाल पूर्वी माझ्या यंत्रमागावरचं कापड चिमटीत धरून डोळे मिटायचा आणि भाव सांगायचा. त्या भावावरून आम्ही घसा बसेपर्यंत भांडायचो. आता तो लूमवर येतच नाही, मोबाइलवर फोटो मागवतो. परवा फोटोत डाग दिसतो म्हणून त्याने माझा सगळा माल नाकारला. माल पडून राहिला तर माझे लूम बंद पडणार. मी कापडाचं ठाणच नेऊन त्याच्या टेबलावर आपटलं.

“दाखव डाग!”

“शेठ, गरम क्यूं होते हो? बघतो ना.”

त्याने कापडावर दोन बोटं टेकवून फाकवली, मोबाइलवर फोटो मोठा करतात तशी. पुन्हा फाकवली. मग गोंधळून हात मागे घेतला.

“असं नाही कळत, शेठ. फोटोच पाठवा.”