डाग गोळीचेच होते

लोक अजूनही म्हणतात, त्या डॉक्टरांनी तुम्हाला वाचवलं. वाचवलं, हे खरं. पण ज्यातून वाचवलं ते त्यांच्याच गोळीने आणलं होतं, आणि हे त्यांना पटवताना माझा जीव जायची वेळ आली होती.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. छातीत कळ येऊन गेली होती, म्हणून हृदयाच्या डॉक्टरांनी रक्ताची गुठळी होऊ नये यासाठी एक गोळी सुरू केली. मी तेव्हा नरखेडकडच्या संत्र्याच्या उभ्या बागा, म्हणजे झाडावरचं फळ, विकत घ्यायचो. आमच्यात भाव तोंडाने बोलत नसत. दुपट्ट्याखाली जितका भाव तितकी एकमेकांची बोटं धरायची, दाबायची. पाहणाऱ्याला काही कळत नसे.

काही आठवड्यांतच माझ्या बोटांवर काळेनिळे डाग दिसू लागले. मला वाटलं, सौदा करणाऱ्या दलालाने मुद्दाम बोटं पिरगाळली. भर बागेत त्याला विचारलं, "काहून गा, भाव करून राहिला का ऊस पिळून राहिला?"

तोही कमी नव्हता. "तुमची बोटं लोण्याची झाली, सेठ. घरी बसा आता."

मी सौदा मोडला. चांगली बाग हातची गेली.

मग दात घासताना हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. बायको म्हणाली, "हे त्या गोळीचं तर नाही ना जी? गोळी सुरू झाल्यावरच सारं होऊन राहिलं."

मी दवाखाना गाठला, हिरड्यांचं आणि गोळीचं सांगितलं. डॉक्टरांनी बोटं पाहिली न पाहिल्यासारखी केली. "तुम्ही हाताने भाव करता ना? मग डाग पडणारच. गोळी बंद केली तर झटका येईल."

"मग अर्धी घेतो."

"हा संत्र्याचा सौदा नाही."

मी दात-ओठ खात घरी आलो आणि गोळी घेत राहिलो, कारण झटक्याची भीती मलाही होती. त्याच आठवड्यात घोट्यापासून गुडघ्यापर्यंत टाचणी टोचल्यासारखे लाल ठिपके उमटले. मी नंबर न लावता आत घुसलो. कंपाउंडर ओरडत मागे आला. मी पायजमा वर केला आणि पाय सरळ डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला.

"सांगा डॉक्टरसाहेब, पायानं कोण भाव करते?"

ते हसले नाहीत. ठिपका दाबून पाहिला. तो फिका पडेना, म्हणजे कातडीखाली रक्त साकळलं होतं. मग मात्र धावपळ झाली. रक्त थांबवणाऱ्या पेशी इतक्या कमी निघाल्या की तपासणाऱ्याने त्या पुन्हा मोजल्या. गोळी तिथल्या तिथे बंद झाली, मला भरती केलं, बाटलीतून रक्त चढवलं.

"या गोळीने असं फार क्वचित होतं," डॉक्टर म्हणाले.

क्वचित! झालं ते मला झालं होतं ना? मी उठून बसलो, तशी बायको म्हणाली, "भांडू नका जी, नाकातून रक्त येईल."

मी बरा झालो. 'चुकलं' हा शब्द काही त्यांच्या तोंडून निघाला नाही. घरी सोडताना त्यांनी हृदयासाठी दुसरी गोळी लिहिली. मी चिठ्ठी घेतली नाही.

"हिच्यानं काय काय होते, ते आधी सांगा."

"बाहेर पेशंट खोळंबलेत."

"खोळंबू द्या. मी बी खोळंबलो होतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पेन खाली ठेवलं. बायकोने आपली खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाली, "हळू सांगा साहेब. मले बी समजलं पाहिजे."