गुडघ्याच्या वर पाणी न्हाय

मागाखाली रोज सुताची लव साचते. सकाळी झाडून काढा, संध्याकाळी पुन्हा तेवढीच. आमच्या गोव्याच्या ट्रिपांचे किस्से असेच साचले आहेत. आता माग विकले गेले, शेडमध्ये टाइल्सचं गोडाऊन झालं, पण ही लव काही सरत नाही.

बेळगावात खासबागेतल्या एका शेडमध्ये आम्ही पॉवरलूम चालवायचो. मी बाळाप्पा, येळ्ळूरचा गुंडू, माझा दोस्त वसंत आणि आणखी चारपाच जण. वसंतची बायको शांताक्का तिथंच सुताच्या कांड्या भरायची. मागांच्या खडखडाटात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून आमचं सगळं हातांनी चालायचं. मूठ छातीशी ओढली की 'माग थांबव'. तळहात डावीकडून उजवीकडं आणि उजवीकडून डावीकडं सरकवला की 'धोटा बघ'. धोटा म्हणजे सूत घेऊन कापडात आडवा पळतो तो.

गणपती पोचवले की मालक दोन दिवस माग बंद ठेवायचे. मग टेम्पो ठरवायचा आणि चोर्ल्याच्या घाटानं गोवा! पाऊस ओसरलेला असायचा, समुद्र मात्र अजून खवळलेलाच. मला पोहता येत नाही. मी वाळूत सगळ्यांच्या चपला राखत बसायचो.

*

निघताना शांताक्का वसंतच्या गुडघ्याच्या वर कुंकवाचं बोट ओढायची.

"भावजी, गुडघ्याच्या वर पाणी न्हाय! ह्यो टिळा पुसला की मला कळतंय. आणि ह्यास्नी परत आणायचं तुमच्याकडं."

मी मान हलवायचो. मला तेवढंच जमतं.

वसंत लई हुशार. शर्टाच्या खिशात कुंकवाची पुडी ठेवायचा. दिवसभर डुंबायचं आणि परतताना नवा टिळा लावायचा! एका वर्षी दारातच शांताक्कानं त्याला थांबवलं.

"मी उजव्या पायाला लावलतं. डाव्याला कसं आलं?"

वसंत म्हणाला, "घाटात वळणं लई हाईत गं!"

*

एकदा किनाऱ्यावर लाल-पिवळे झेंडे रोवलेले दिसले. बेळगावात कन्नड झेंड्याचे हेच रंग, आणि गुंडू तर सीमाप्रश्नाच्या प्रत्येक मोर्चात पुढं असणारा. बघितल्याबरोबर तो भडकला.

"हितं पण आले व्हय!"

आणि झेंड्यांपासून लांब जाऊन पाण्यात शिरला. लाइफगार्ड शिट्टी फुंकत पळत आला.

"बाबा, या दोन झेंड्यांच्या मध्येच पोहायचं. बाकीकडं धोका आहे."

"मग मी बसतो!"

बसला की! दिवसभर माझ्याशेजारी वाळूत बसून राहिला. पाण्यातून वसंत ओरडला, "गुंड्या, समुद्र कुठल्या राज्याचा नसतोय रं!"

लाइफगार्डला त्याची दया आली असावी. त्यानं वाळूत बोटानं चित्र काढून दाखवलं. "लाटा फुटतात त्यांच्या मध्येच एखादी पट्टी गप्प दिसते ना, तिथं पाणी आत ओढतं. सापडलात तर किनाऱ्याकडं सरळ पोहू नका, दमून जाल. किनाऱ्याला धरून आडवं पोहा. ओढ संपली की मग बाहेर या."

गुंडू म्हणाला, "म्हंजे धोट्यागत."

"काय?"

"कळंल तुला. एक माग घे!"

*

पुढच्या वर्षी वसंत नेमका त्या गप्प पट्टीतच उतरला. विहिरीत पोहायला शिकलेला माणूस, त्याला शांत पाणीच बरं वाटणार. "हितं बघ, आमच्या विहिरीगत हाय!" म्हणाला.

बघता बघता त्याचं डोकं नारळाएवढं दिसायला लागलं. तो किनाऱ्याकडं तोंड करून हात मारत होता आणि मागं मागं जात होता. लाइफगार्ड फळी घेऊन पळत होता, पण लांब होता. गुंडू हाका मारून दमला. लाटांत काय ऐकू जाणार? तो तर आमच्या शेडचाच आवाज.

माझ्या हातातल्या चपला पडल्या. मी हात उंच करून तळहात सरकवायला लागलो. धोटा. धोटा. धोटा.

वसंतनं बघितलं. इतक्या वर्षांची सवय! तो वळला, आडवा पोहत गेला, गेला, आणि पार तिकडं होड्यांजवळ रांगत बाहेर आला. आम्ही धावत पोचलो. खोकत खोकत पहिलं वाक्य काय बोलावं?

"शांतीला सांगू नको रं."

सगळ्यांनी शपथ घेतली. नवा टिळा लावला, बरोबर उजव्या पायाला. दारात शांताक्कानं टिळा बघितला, मग माझं तोंड बघितलं.

"आणलासा व्हय, भावजी?"

मी मान हलवली. त्या दिवशी तिच्या हातनं माझ्या चहात साखर दोनदा पडली.

*

त्यानंतर दर वर्षी ती दारात तेच विचारायची आणि मी मान हलवायचो. खोटं बोललो नाही, पण खरंही सांगितलं नाही. समुद्रापेक्षा मला त्या दाराचंच टेन्शन जास्त.

मागच्या वर्षी वसंत गेला. घरीच, दुपारी जेवून झोपला तो उठलाच नाही.

यंदा गणपती पोचवल्यावर शांताक्का म्हणाली, "भावजी, मला त्यो समुद्र दावा."

आता टेम्पो कुठला! गुंडूच्या लेकाच्या गाडीतून आम्ही तिघं म्हातारे गेलो. गुंडूनंच तिचा हात धरून तिला लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्ये नेलं. "हितंच उतरायचं, आक्का. हितंच सेफ हाय!"

मी तिच्या चपला घेऊन वाळूत बसलो. आज सांगून टाकायचं, असं घाटातच ठरवलं होतं. शब्द जुळवत होतो. माझं बोलणं मुळात हळू. तेवढ्यात पाणी तिच्या गुडघ्याला लागलं, आणि बघतो तर गुडघ्याच्या वर गेलं!

मी धडपडत उठलो आणि मूठ छातीशी ओढली. माग थांबव!

शांताक्का वळली. माझ्याकडं बघून हसली. मग गुंडूच्या हातातला हात सोडवून तिनं तो उंच केला, आणि तळहात डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं सरकवला. तीनदा.