फोटोतला रंग

आमच्या कोपऱ्यावरचा फोटोवाला कुणालाही न विचारता चेहरा उजळ करतो. पासपोर्ट साइझचा फोटो काढला, की कॉम्प्युटरवर दोन बटणं दाबतो आणि कपाळ, गाल, मान सगळं गोरं होऊन जातं. त्याच्या लेखी ही आपुलकी असते.

काल माझ्या आधी एक कॉलेजातली मुलगी आईबरोबर आली होती. चांगली काळी, तुकतुकीत. परीक्षेच्या फॉर्मसाठी तिला फोटो हवा होता. स्क्रीनकडे बघून ती म्हणाली, "काका, ही मी नाही."

"अगं, छान दिसतेयस की," आई म्हणाली.

"छान असेल, पण मी नाहीये ती. माझा रंग परत आणा."

फोटोवाला गोंधळला. असं त्याला आजवर कुणी सांगितलं नसावं. मग एकेक बटण दाबत तो मागे गेला आणि ओल्या फडक्यानं पुसल्यावर पाटीचा काळा रंग वर यावा, तसा तिचा चेहरा परत आला.

यात वाईट कुणीच नव्हतं. आईला लेकीचं भलं हवं होतं, त्याला गिऱ्हाईक खूश हवं होतं. रंग पुसला जातो तो असा मायेनं. म्हणूनच नको म्हणणं जड जात असावं.

त्या दोघी गेल्या. तिच्याच रंगाची मी स्टुलावर जाऊन बसले.

"मॅडम, तुमचं नेहमीसारखं ना?" त्यानं विचारलं, आणि माझी मान आपसूक हलली.

पेन्शनच्या अर्जावर मी गोरी आहे.