सनईवाल्या अप्पांचा पुढचा दात

दात कशाने तुटला याबद्दल माणसं जितकं खोटं बोलतात तितकं ती लग्न जमवतानाही बोलत नसतील. गंगापूर रोडवरच्या माझ्या दवाखान्यात बसून मी एवढा एकच अभ्यास मनापासून केलाय. त्यामुळे अप्पा जेव्हा खुर्चीत बसून गंभीरपणे म्हणाले, "भाकरीत खडा आला," तेव्हा मी मान डोलावली आणि त्यांच्या लेकीकडे पाहिलं.

"अप्पा, खरं सांगा," लेक म्हणाली.

अप्पा साठीचे. पांढरी टोपी, पांढरा शर्ट, ओझरच्या पुढच्या एका गावातले सनईवाले. टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली, जणू साक्षच द्यायची होती.

"लाडू," ते म्हणाले.

"कसला लाडू?"

"रुखवताचा. डिंकाचा. जमलाय का म्हून पाह्यला."

"आणि यांना शुगर आहे," लेकीने मला ऐकवलं.

माझ्याकडे बरीच वर्षं मदतीला असलेल्या मावशी उपकरणांचा ट्रे घेऊन मागेच उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "लाडू फुटला का पण?"

"नाय."

"मग जमलाय."

अप्पांना हसू आलं, आणि हसताना पंचाईत दिसली. वरच्या पुढच्या चार दातांचा त्यांचा पूल होता. म्हणजे आतून धातू, वरून दातासारखं सिरॅमिक, चारही दात एकमेकांना जोडलेले. काही वर्षांपूर्वी दुसरीकडे बसवलेला आणि चांगला बसवलेला. त्यातल्या अगदी मधल्या दाताचा मोठा टवका उडाला होता. आतला काळपट धातू डोकावत होता आणि कड ब्लेडसारखी झाली होती.

अशा वेळी सरळ उपाय म्हणजे पूल कापून काढायचा, माप घ्यायचं, लॅबमधून नवा करून आणायचा. आठ दिवस तरी हवेत. तो दिवस गुरुवार होता. लेकीचं लग्न रविवारी.

"फोटोत तोंड मिटून हसा," मी म्हणाले. मला वाटलं, प्रश्न फोटोचाच आहे.

तर लेकीचे डोळे भरून आले. मला कळेना. मग तिनेच सांगितलं. अप्पांनी जन्मभर लोकांच्या मुलींच्या लग्नात सनई वाजवली. हिने लग्न ठरताना वडिलांकडे ना दागिना मागितला ना फ्रिज. शेवटचं 'सावधान' झालं, अंतरपाट बाजूला झाला, की पहिला सूर अप्पांचा हवा, एवढंच मागितलं. सासरची मंडळी म्हणाली होती, मुलीच्या बापाने वाजवायला बसायचं म्हणजे कसं दिसेल, डीजेवाल्याकडे सनईची रेकॉर्ड असतेच की. ही भांडली होती आणि जिंकली होती.

"आणि आता यांनी लाडू खाल्ला," ती म्हणाली.

अप्पांनी पिशवीतून सनई काढून मला दाखवलं. सनईच्या टोकाची, फुंकायची पत्ती ओठांत धरायची, आणि वरच्या ओठाला आतून दाताचा आधार लागतो. त्यांनी फुंकर मारली. नुसतं फुस्स झालं, आणि ओठावर रक्ताचा ठिपका आला.

आता इथे मी जरा मोठेपणा केला, तो सांगायलाच हवा. कॉलेजात एकांकिका केलेल्या बाईला समोर दोन माणसं बसलेली असली तरी प्रेक्षक म्हणून पुरतात. मी उभी राहून म्हणाले, "पूल काढायचा नाही. तोंडातच दुरुस्त करायचा. आज, आत्ता!"

दुरुस्ती होते हे खरं. सिरॅमिक गुळगुळीत असतं, त्याला काही चिकटत नाही. म्हणून आधी ते खरवडायचं. मग जालीम आम्लाचा लेप लावून त्याला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं पाडायची. मग सिलेन नावाचं एक पातळ द्रव लावायचं. या द्रवाला दोन हात असतात असं मी पेशंटला सांगते. एक हात सिरॅमिकला धरतो, दुसरा आपण वर बसवणार त्या दाताच्या रंगाच्या मसाल्याला. वरून निळा प्रकाश मारला की मसाला कडक होतो. सगळ्या प्रकाराची एकच अट आहे. मधल्या कोणत्याही पायरीला थुंकीचा स्पर्श झाला की दोन्ही हात सुटतात.

म्हणून दाताभोवती रबराचा पातळ पडदा ताणून बसवतात. तोंड पडद्यामागे, दात पडद्याबाहेर. पण दात एकमेकांना जोडलेले असले की हा पडदा बसवणं फार कटकटीचं असतं. मी तो टाळला. पडदा नाही म्हटल्यावर ते आम्लही वापरता येईना, कारण हिरडी भाजते. म्हणून नुसतं खरवडलं, कापूस लावला, सिलेन लावलं आणि म्हणाले, "छान. आता तयार."

जन्मभर सनई वाजवलेल्या माणसाला 'तयार' म्हटल्यावर तो काय करतो? ओठ ओले करतो. अप्पांची जीभ वरच्या दातांवरून अशी झर्रकन फिरून गेली, जशी मासळी पाण्यात वळावी.

मी ते पाहिलं. आणि पाहिलं नाही असं ठरवलं.

मसाला लावला, प्रकाश मारला, घासून चकचकीत केलं. आरशात दात इतका देखणा दिसत होता की अप्पांनी टोपी घालून पुन्हा एकदा पाहिलं. मावशींनी न वापरलेला रबराचा पडदा खणात ठेवून खण आपटला. त्या खण आपटतात तेव्हा मला भीती वाटते.

शुक्रवारी सकाळी मी दवाखाना उघडायच्या आधी बापलेक पायरीवर बसलेले. अप्पांनी रुमालाची गाठ सोडली. आत माझी कालची कलाकुसर, अख्खीच्या अख्खी.

"पह्यल्याच सुराला निघाला," ते अपराध्यासारखं म्हणाले. "मीच जोरात फुकलं आसंल."

लेक माझ्याकडे पाहत होती. आदल्या दिवशीचे भरलेले डोळे आता कोरडे होते, आणि ते जास्त वाईट होतं. "डीजेवाल्याला फोन करून ठेवू का, मॅडम?" तिने हळूच विचारलं. "तुम्ही स्पष्ट सांगा."

लोकांच्या खोटं बोलण्याचा मला अभ्यास आहे असं वर म्हटलंय. त्या सकाळी मला स्वतःला मात्र ते जमेना. मी म्हणाले, "अप्पा, तुम्ही जोरात फुंकलं नाही. काल तुमची जीभ लागलेली मी पाहिली होती. तेव्हाच थांबून सगळं पुन्हा करायला हवं होतं. मी कंटाळा केला."

अप्पांनी रुमालाला पुन्हा गाठ मारली. मग म्हणाले, "आमची पत्ती बी कवा बिनसती. मंग दुसरी लावायची. त्यात काय एवढं, डाक्टरीणबाई."

मावशींनी तोवर रबराचा पडदा काढून ट्रेमध्ये ठेवला होता. माझ्याकडे न बघता.

या वेळी मी पडद्याला लांब चीर दिली, चारही दात एकदम त्या चिरीतून बाहेर घेतले, कडा नीट बंद केल्या. आणि अप्पा ताडकन उठून बसले. पडदा उपटून हातात, छाती वरखाली. "नाय जमायचं. दम कोंडतोय. लय कोंडतोय."

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तर पडदा बसायच्या आधीच त्यांनी माझं मनगट धरलं. "आमचा श्वास तोंडाचा, बाई. नाकावर भरवसा नाय." भिंतीवर घड्याळ, दारात दोन पेशंट आणि लेकीच्या हातात फोन, डीजेवाल्याचा नंबर काढलेला.

मी हातमोजे काढून स्टूल ओढलं आणि त्यांच्यासमोर बसले. "अप्पा, एक सांगा. तुम्ही सनईवर एकच सूर किती वेळ ओढता?"

"लांबवला तर लय येळ." त्यांचा चेहरा जरा खुलला.

"मध्ये तोंड सोडता?"

"सोडलं तर सूर तुटंल ना!"

"मग दम कुठून घेता?"

"नाकातनं. गालात हवा धरायची, गाल दाबून ती सोडत ऱ्हायची, आन् तेवढ्यात नाकातनं..."

ते थांबले.

"मग आता तुम्हाला कोणी अडवलंय?" मावशी म्हणाल्या.

अप्पा असे हसले की तुटका दात, धातू, सगळं दिसलं. ते आडवे झाले आणि त्यांनी डोळे मिटले. मी पडदा बसवला. पहिल्यांदा गालातल्या हवेने तो पुरीसारखा टम्म फुगला. मी म्हणाले, "गाल राहू दे, नुसतं नाक ठेवा." मग श्वास लागला. संथ, लांब, न तुटणारा. खुर्चीच्या हातावर त्यांची बोटं हलायला लागली, एकेक छिद्र झाकत, उघडत. माझ्या खुर्चीत तेव्हा कुठला राग चालू होता देव जाणे.

या खेपेला मी एकही पायरी चोरली नाही. खरवडणं, आम्ल, भरपूर पाणी, हवेने कोरडं. सिलेन लावून पुरतं एक मिनिट थांबणं. धातू झाकायला पांढरा थर, मग पातळ पातळ थरांत मसाला, प्रत्येक थराला प्रकाश. बोटं हलत होती तोवर मला घाई करावीशी वाटली नाही.

"टिकेल?" लेकीने विचारलं.

"लग्न पार पडेल असं मला वाटतं. कायमचं म्हणाल तर पुढे नवा पूलच करावा लागेल. आणि लाडू खलबत्त्यात कुटून."

रविवारी मी लग्नाला गेले. नवऱ्या मुलीकडे न बघता तिच्या बापाच्या दाताकडे बघणारी मांडवातली एकटी पाहुणी मी असेन. शेवटचं 'सावधान' झालं, अक्षता उडाल्या, अंतरपाट गेला. कन्यादानाचं उपरणं खांद्यावर असलेले अप्पा बाजूच्या पाटावर बसले आणि त्यांनी सनई उचलली.

सूर निघाला. भरलेला, नितळ. सासरकडच्या बायकाही वळून बघायला लागल्या. मी श्वास सोडला.

आणि सूर तुटला.

मी खुर्चीतून उठलेच. हातातल्या अक्षता सांडल्या. निघाला! मसाला पुन्हा निघाला! मांडवभर माना वळल्या. अप्पांनी सनई खाली घेतली होती, आणि त्या गर्दीत ते मलाच शोधत होते. त्यांनी मला पाहिलं, बोटाने वरचा ओठ वर केला आणि दात दाखवला. जागच्या जागी होता. गालावरून मात्र पाणी ओघळत होतं. समोर लेक हार हातात घेऊन उभी होती, तिचंही तेच.

मी बसले. अप्पांनी उपरण्याने तोंड पुसलं, नाकाने एक लांब श्वास घेतला आणि पुन्हा वाजवायला लागले. मग तिने हार घातला.