वीतभर पट्टी

दौलतजी गाडीला शोभेची चिकटपट्टी लावत, पण पुरी कधीच लावत नसत. शेवटची वीतभर मोकळी सोडायची आणि मालकाला खाली वाकवायचं. नवी स्कूटर घेऊन मी त्यांच्या वर्धा रोडवरच्या टपरीत गेलो, तेव्हा मलाही वाकवलं. चंदेरी प्लास्टिकची पट्टी, वर काचेसारखा थर.

"दाबा, मास्तर. गाडी तुमची, तं आंगठाबी तुमचाच पायजे." मग माझी खडूने माखलेली बोटं दिसली. "हात पुसा गा आधी! धूळ बसली का मंग जन्मभर चिकटत नाही."

पुढे शाळा सुटल्यावर प्रताप नगरला घरी जाताना मी तिथे टेकू लागलो. माणूस बोलायचा माझ्याशी, डोळे मात्र रस्त्यावर. बुटीबोरीकडून ट्रक आला की बोलणं अर्धवट टाकून उठायचा, ट्रकची बाजू पाहायचा आणि परत येऊन बसायचा.

"काय पाहता हो सारखं?"

"पोराची पट्टी पाहून राह्यलो."

सुखदेव त्यांचा एकुलता एक. त्याचा ट्रक यांनी दोन दिवस खपून सजवला. शेवटची वीत उरली आणि यांची जीभ घसरली, "मायच्या तेरवीलेबी तू रस्त्यावरच होता." पोरगा तडक गाडीत बसून निघून गेला. त्या गोष्टीला सहा वर्षं झाली होती.

"तेवढी वीत मोकळी राह्यली, मास्तर. फडफडत असन. एखाद्या दिवशी पुरी उखडून जाईन."

"मग निरोप पाठवा ना कुणा ट्रकवाल्याबरोबर."

"काय सांगू? पट्टी दाब म्हनून?"

त्याच पट्टीचा एक तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांनी फळीवर ठेवला होता. कुणी गिऱ्हाइकाने त्याला हात लावला तर अंगावर जात.

उन्हाळ्यात दौलतजी गेले. निरोप मीच पाठवला. तेरवीला ट्रक टपरीसमोर उभा राहिला. सुखदेवकडे पाहण्याआधी मी ट्रकची बाजू पाहिली. पट्टी पिवळी पडली होती, पण शेवटच्या वितीपर्यंत घट्ट होती.

"कधी दाबलीस?"

"त्याच दिवशी, काकाजी. बुटीबोरीच्या अलीकडं गाडी थांबवली न् दाबली."

"मग एकदा येऊन सांगायचं होतंस!"

मला इतका संताप आला, की त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. पण रडू मलाच फुटलं. फळीवरचा तुकडा काढून मी त्याच्यापुढे धरला.

घेण्याआधी त्याने दोन्ही हात शर्टाला पुसले.