सुईपासून डोळ्यापर्यंत

दस्तगीर गेल्याचं सांगायला त्याची लेक शबाना रस्ता ओलांडून आली, तेव्हा मी एका ब्लाऊजला हुक लावत होतो. "काका, अब्बा पहाटे गेले," एवढंच म्हणाली. महिना होऊन गेला त्याला… तो एक हुक लावायला मला अख्खी दुपार पुरली नाही.

कोल्हापुरात आमची दुकानं समोरासमोर. माझं शिलाईचं, त्याचं चष्म्याचं. तरी मी चष्मा वापरायचो आमच्या आण्णांचा. वडील गेल्यावर वाटणीत भावाला शेत आलं, मला त्यांचं मशीन आणि चष्मा. वडिलांची वस्तू डोळ्यांवर म्हणजे त्यांचा हातच डोक्यावर, असं आमचं शास्त्र. पण त्या चष्म्यातनं सुईला दोन नेढी दिसायची. संध्याकाळपर्यंत डोक्यात गुऱ्हाळ सुरू व्हायचं आणि डोळ्यांतनं एवढं पाणी, की पंचगंगेनं वाट सोडावी. एकदा तर एका बाईंच्या ब्लाऊजची बाही गळ्याला जोडली. त्या बाईंनी ती तशीच मिरवली आणि आणखी तिघींनी तसलाच ब्लाऊज शिवायला टाकला. खोटं वाटत असेल तर कोडोलीत जाऊन विचारा.

बायकोनं टाळूवर एरंडेल चोळलं, दृष्ट काढली, जोतिबाला गुलाल उधळून आली. ठणका काही हटेना. शिलाई आता आपल्याच्यानं होत नाही म्हणून मी मशीन विकायला काढलं. एक गिऱ्हाईक बघूनही गेलं.

दस्तगीरला दुखणं कधीच कळलं होतं, पण आण्णांच्या चष्म्याला नाव ठेवायला त्याची जीभ रेटत नव्हती. त्याच्या लग्नाची शेरवानी आण्णांनीच शिवलेली. त्या दिवशी मात्र तो येऊन बसला, मशीनकडे बघत राहिला…

"मर्दा, आण्णांचं मशीन इकतोस आन् चष्मा ठेवतोस व्हय? त्यो त्यांच्या नजरंचा हाय. ती नजर आण्णा संगं घिऊन गेलं."

मी भडकलो. त्यानं ऐकून घेतलं, मग माझ्याच गळ्यातली टेप ओढली, मला शिवायला बसवलं आणि ब्लाऊजचं माप घ्यावं तसं सुईपासून डोळ्यापर्यंतचं अंतर मोजलं. पेपर वाचायचं अंतर निराळं, सुईचं निराळं, म्हणाला. समोर नेऊन डोळे तपासले, तर दोन्ही डोळ्यांचे नंबर वेगळे निघाले.

सुईच्या अंतराचा नवा चष्मा घालून बसलो आणि कापडाचा धागा न् धागा हजेरी द्यायला लागला. चहा द्यायला वाकलेली बायकोही लग्नानंतर पहिल्यांदाच नीट दिसली. दचकलं कोण, यावर आमचं अजून एकमत नाही. गुऱ्हाळ थंडावलं. मशीनचं गिऱ्हाईक आलं, त्याला चहा पाजून परत धाडलं.

तेवढ्यावर तो थांबला असता तर दस्तगीर कसला… डोळ्यांना मधनंमधनं लांबचं दाखवायला पाहिजे, हा त्याचा हट्ट. मी कामात बुडालो की पलीकडनं हाळी यायची, "वर बघ की!" सगळा रस्ता वर बघायचा, एक बैलसुद्धा.

आता हाळी येत नाही, पण मान आपसूक वर जाते. चष्म्याच्या वरनं समोर बघतो. शबाना कुणाला तरी भिंतीवरची अक्षरं वाचायला लावत असते. "टेलर, लक्ष कुठाय?" बायका विचारतात. डोळ्यांना इसावा देतोय, म्हणतो… आणि खाली बघून सुईत दोरा घालतो. पहिल्याच फटक्यात जातो.